मेल मावेल एवढी लूप

“लूप केवढी आहे?” आप्पांनी विचारलं.

जयूनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. “ही बघा की. साडेतीन फूट. पॅसेंजर आरामात उभी राहते.”

“आणि मेल?”

“मेल कशाला लूपमध्ये उभी राहील, आप्पा? मेल मेन लाइनवरनं सुसाट जाणार. तुम्हीच तर सांगायचा.”

“ते खरं. पण मेल मावेल एवढी कर.”

मी दारात चपला काढत होते. रात्रपाळी करून आले होते, पाय सुजून पाव झाले होते, आणि घरात सकाळी सकाळी दोन बापई माणसं खेळण्यातल्या आगगाडीवरनं वाद घालत बसली होती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात. आमच्याकडं भावानं इंजिन धाडलं होतं.

“चहा झाला का कुणाचा?” मी विचारलं.

“तुझीच वाट बघत होतो ताई,” जयू म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्याचं तेच तर अवघड होतं, मनात काही वाईट नसायचंच.

आप्पा म्हणजे आमचे वडील, रेल्वेतले स्टेशन मास्तर. सगळी नोकरी पुणे-मिरज लाइनवरच्या लहान लहान स्टेशनांत गेली. तेव्हा सगळा एकेरी रूळ. मागनं किंवा पुढनं मोठी गाडी यायची असली की लहान गाडीला स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घ्यायचं, मोठीला जाऊ द्यायचं, मग लहानीला सोडायचं. त्या बाजूच्या रुळाला लूप म्हणतात. क्वार्टरमध्ये वाढलेली पोरं आम्ही, हे आम्हाला बाराखडीच्या आधी आलं. पॅसेंजरमधली माणसं खाली उतरून बिड्या ओढायची, आप्पांना शिव्या घालायची, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस धडधडत निघून जायची. आप्पा तिला मेलच म्हणायचे. मोठी गाडी म्हणजे मेल.

निवृत्तीनंतर त्यांनी मिरजेत घर बांधलं. आई गेली. मग आप्पांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. काठी टेकत हॉलपर्यंत यायचे, पण अंघोळ, कपडे, रात्री उठवणं, सगळं माझ्यावर. मी तिथल्याच एका इस्पितळात नर्स. “तू नर्स आहेस गं, आम्हाला काय कळतंय त्यातलं,” हे जयूचं ठरलेलं वाक्य. नर्सला घरी गेल्यावर नर्स व्हायचा कंटाळा येतो, हे काही त्याला कधी कळलं नाही. लग्नाचं माझं राहून गेलं ते गेलंच.

जयू बंगलोरला होता. महिन्याभरात तो आणि त्याची बायको नूतन तीन वर्षांसाठी अमेरिकेला जायचे होते. जायच्या आधी आप्पांसाठी काहीतरी करून जायचं म्हणून त्यानं हे काढलं होतं. घरात खरीखुरी छोटी रेल्वे. रूळ, गाडीचा रूळ बदलणारे सांधे, सिग्नल, इंजिनं, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. “आप्पांचा वेळ जाईल, आणि तुलाही जरा मोकळीक,” असं मला फोनवर म्हणाला होता. मी मनात म्हटलं, मोकळीक हवी तर माणूस दे बाबा, इंजिन काय करू?

आणि मला मोकळीक हवी होती. खरीच. माझी बढतीची ऑर्डर आली होती. पाठ्यनिर्देशिका म्हणून, कोकणात ओरोसच्या बाजूला, नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं. राहायचं त्यांच्याच वसतिगृहात, म्हणजे आप्पांना नेण्याचा प्रश्नच नव्हता. मुलींना शिकवायचं हे माझ्या डोक्यात मी स्वतः शिकत असल्यापासून होतं. याआधी दोनदा बढती आली, दोनदा मी ‘घरगुती अडचण’ लिहून दिलं. आता तिसऱ्यांदा नाही म्हटलं की निवृत्तीपर्यंत त्याच वॉर्डात, त्याच खाटा. रुजू व्हायला महिन्याची मुदत मागून घेतली होती आणि घरात कुणाला बोलले नव्हते. आप्पा मिरज सोडायला तयार नाहीत, जयू देश सोडायला निघालेला. बोलायचं कुणाशी?

या खेपेला जयूशी बोलायचंच, असं ठरवलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले तर वाद इंजिनावर आला होता.

“हे घेऊ या आप्पा. इलेक्ट्रिक. काय रुबाब आहे बघा.”

“आमच्या लाइनला तारा होत्या का रे?”

“बरं, मग डिझेल. हे मोठं घेऊ. सहा आसांचं.”

“वळणावर बसेल?”

जयू थबकला. मग बोटं चालवून बघितलं आणि म्हणाला, “नाही बसत. आपलं वळण लहान पडतं. एवढं लांब इंजिन रुळावरनं खाली येईल.”

“नाकापेक्षा मोती जड. त्यापेक्षा आखूड बघ.”

मग आखूड डिझेल ठरलं. मेलचे डबे जयूला आठ हवे होते, आप्पांनी पाचांवर आणले. जयूला डबल लाइन हवी होती, म्हणजे दोन गाड्या न थांबता गोल गोल फिरत राहतील, बघायला बरं. आप्पांनी काठी आपटली.

“डबल लाइन केलीस तर स्टेशन मास्तर तिथं काय करणार? टाटा करणार?”

मला हसू आलं. किती दिवसांनी आप्पांच्या आवाजात तो जुना दरारा ऐकू आला होता. वर्षभर त्यांना व्यायामाचा रबरी चेंडू डाव्या हातात धरून दाबायला सांगून मी थकले होते, चेंडू गादीखाली सापडायचा. आज तोच चेंडू दाबत बसले होते, आपोआप.

“आणि पॅसेंजरला हे,” आप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. काळं, बुटकं, वाफेचं इंजिन.

“अहो हे पोरांचं आहे. चार चाकं. सांध्याच्या मधोमध जो प्लास्टिकचा तुकडा असतो ना, तिथं वीज नसते. मोठ्या इंजिनाची बाकीची चाकं वीज घेतात. हे बारकं तिथं जाऊन अडकणार.”

“अडकू दे. तेच घ्यायचं.”

“रूळ?”

“तुझं तू बघ. वाकवून ठोकायचे की तयार तुकडे जोडायचे, मला काही नाही. फक्त लूप लांब.”

“आप्पा, लूप लांब केली तर फळी अकरा फूट जाते. तेवढी जागा कुठाय?” जयूनं घराकडं नजर फिरवली आणि ती माझ्या खोलीवर येऊन थांबली. “ताईची खोली मोठी आहे. ताई, तुला तर निम्मे दिवस नाइट असते. हॉलमध्ये पलंग टाकला तर...”

“हो, आणि मी कशी उशी घेऊन स्टेशनावर जाते झोपायला!” मी म्हणाले. “बाकड्यांची सवय आहेच आपल्याला लहानपणापासून.”

“तसं नाही गं...”

“कसं मग?”

“जयूच्या खोलीत मांडायची,” आप्पा म्हणाले. “तिथं डबल बेड रिकामा पडलाय. वर्षातनं चार दिवस लागतो. तो काढा.”

जयूनं चमकून वर बघितलं. मीही आप्पांकडं बघत राहिले. त्या खोलीला कुणी हात लावायचा नाही, हा इतके दिवस त्यांचाच नियम होता.

दुपारी जयू स्वयंपाकघरात आला. मी भाकरी थापत होते. म्हटलं, आत्ताच.

“जयू, एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

तेवढ्यात नूतनचा फोन. व्हिसा, घराचं भाडं, तिकडं गाडी कुठली घ्यायची. माझी भाकरी होऊन फुगून ताटात आली तरी बोलणं चालूच. फोन ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “ताई, खरं सांगू? तू आहेस म्हणून मी बिनघोर जातोय. नाहीतर माझं धाडस नव्हतं. हां, काय म्हणत होतीस?”

आता यावर माणसानं काय बोलावं? “काही नाही, भाकरी गरम आहे तोवर खा,” म्हणाले. तो खात होता आणि मी तव्याकडं तोंड करून उभी होते. राग त्याचा येत होता, आप्पांचा येत होता, आणि या असल्या गोड बोलण्यापुढं दर वेळी विरघळणाऱ्या माझा सगळ्यात जास्त येत होता.

खोकी येत राहिली. सुताराकडनं फळी करून घेतली. महिना संपत आला तसा जयू शेवटचे तीन दिवस म्हणून आला. नूतन माहेरी निरोप घ्यायला गेली होती. त्यानं दोन दिवस गुडघ्यांवर बसून रूळ जोडले. आप्पा खुर्चीत बसून काठीनं दाखवायचे. अकरा फूट फळी, तिच्यावर लांबट वर्तुळात एकेरी रूळ, मध्ये एक स्टेशन, स्टेशनात मेन लाइन आणि तिला लागून लूप. लूपच्या दोन्ही टोकांना सांधे. सांधा ज्या रुळाकडं, वीज त्या रुळाला. दुसऱ्या रुळावरची गाडी गपगुमान उभी. सांध्याची खटकी आप्पांच्या खुर्चीशेजारी आणि वीज कमी-जास्त करायचा कंट्रोलर दुसऱ्या टोकाला.

“आता मेल लूपमध्ये घालून बघ,” आप्पा म्हणाले.

“पुन्हा तेच?”

“बघ तर.”

जयूनं हातानं डिझेल आणि पाच डबे लूपमध्ये ठेवले. आप्पांनी मला चुन्याची डबी आणायला सांगितली. लूप जिथं मेन लाइनला मिळते त्याच्या जरा अलीकडं जयूकडनं पांढरी रेघ ओढून घेतली. या रेघेच्या आत शेवटचा डबा आला पाहिजे, नाहीतर मेनवरनं जाणारी गाडी त्याला घासणार. शेवटचा डबा रेघेच्या बाहेर अर्धी वीत राहिला होता.

“उखड,” आप्पा म्हणाले.

“आप्पा! अहो मेल तिथं कधी उभी राहणारच नाही!”

“उखड आणि सांधा पुढं सरकव.”

जयूचं तोंड एवढंसं झालं. “नसती कटकट. हौसेनं करतोय माणूस तर...” पुटपुटत त्यानं संध्याकाळभर रूळ उखडले आणि पुन्हा जोडले. मी त्याला चहा नेऊन दिला. मला आप्पांचाच राग आला होता. पोरगं उद्या निघणार, आणि यांचं आपलं रेघेवरनं!

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन. जयूची गाडी दुपारची होती. माझ्या मुदतीचे मोजून चार दिवस राहिले होते आणि मी मनातनं नाद सोडला होता. हॉस्पिटलात जायचं आणि नकार लिहून द्यायचा. दोनदा लिहिलेलं होतंच, मजकूर पाठ होता.

जयूनं नारळ फोडला. मी दोन्ही इंजिनांना कुंकू लावलं. आप्पांनी टोपी मागितली, ती जुनी काळी टोपी ट्रंकेतनं काढून दिली. रबरी चेंडू डाव्या हातात होता.

“हा गोळा,” ते म्हणाले. “ज्याच्या हातात गोळा त्यानंच गाडी हाकायची. बिनगोळ्याची गाडी सुटणार नाही.”

खऱ्या लाइनवरही असंच असायचं. लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी स्टेशन सोडत नसे, कारण पुढच्या एकेरी रुळावर त्या वेळी एकच गाडी जाऊ शकते. क्वार्टरच्या दारातनं आम्ही ती देवघेव रोज बघायचो.

आप्पांनी गोळा जयूला दिला. पॅसेंजर मेन लाइनवर उभी करून ठेवली होती. मला वाटलं, आप्पांची चूक झाली, लूपमध्ये ठेवायला हवी. जयूनं कंट्रोलर फिरवला आणि पलीकडच्या वळणावरनं मेल निघाली. खरंच देखणी दिसत होती. पाच निळे डबे वळणावर वाकून झोकात आले. स्टेशन जवळ आलं आणि मेल लूपमध्ये शिरली, आप्पांनी खटकी आधीच ओढून ठेवली होती.

“आप्पा, सांधा चुकला!”

“चुकला नाही. पुढं घे. अजून. हां, थांब.”

मेल थांबली. शेवटचा डबा बरोबर चुन्याच्या रेघेच्या आत. आप्पांनी दोन्ही सांधे मेन लाइनकडं वळवले आणि हात पुढं केला.

“गोळा दे.”

जयूनं दिला.

“शैला, इकडं ये. घे. पॅसेंजरला लाइन क्लिअर आहे.”

जयू हसला. “मेल लूपमध्ये घालून पॅसेंजर सोडताय? नोकरीत कधी केलं होतं हे?”

“सगळ्या नोकरीत एकदाही नाही. केलं असतं तर ठपक्याचा मेमो हातात पडला असता.” ते माझ्याकडं बघत नव्हते, जयूकडं बघत होते. “आता मला कोण मेमो देतंय? भोरे सिस्टर आल्या होत्या इकडं, महिना होऊन गेला. ही दूध आणायला गेलेली. पेढे ठेवून माझं अभिनंदन करून गेल्या. म्हणाल्या, तुमच्या शैलाला बढती मिळाली, ओरोसला मुलींना शिकवायला जाणार.”

माझ्या हातातला चेंडू गरम होता, त्यांच्या मुठीतला. भोरे माझी मैत्रीण, माझ्याच वॉर्डातली. घरी पेढ्यांचा पुडा दिसला होता मला. मला वाटलं होतं ते जयूच्या अमेरिकेचे कुणीतरी दिलेत. मीच त्यातले दोन खाल्ले होते.

“ताई?” जयू म्हणाला. “तू बोलली नाहीस काही.”

“कधी बोलू? तू ऐकायला थांबतोस कधी?” आवाज चढला माझा, चढू दिला. “बोलायला आले होते मी, भाकरी करताना. तू म्हणालास, तू आहेस म्हणून मी बिनघोर. मी काय खुंटी आहे का रे, सगळ्यांनी आपापले सदरे अडकवून निघून जायला? मला जायचंय. मला खूप जायचंय जयू. पन्नाशीला आले मी. कंटाळले मी माणसं पुसून.”

बोलून गेल्यावर आप्पांकडं बघायची लाज वाटली. त्यांचंच तर अंग पुसत होते. पण आप्पांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून.

“आई आजारी होती तेव्हा तुझी नोकरी नवी होती,” ते जयूला म्हणाले. “तुला पुढं काढलं. मी पडलो तेव्हा तुला मोठी जागा मिळत होती. तुला पुढं काढलं. दोन्ही वेळा हिला लूपमध्ये मी घातलं. मला दुसरं येतच नव्हतं रे. मोठी गाडी आधी, हेच शिकलो.”

“पण आप्पा, माझं सगळं ठरलंय. तिकिटं... घर रिकामं करून झालं निम्मं. कंपनी काय म्हणेल? वर्षभर तरी पुन्हा नाव लागणार नाही.”

“मेल आहेस तू. उशिरा सुटली तरी मेल मेलच राहते, पुढं वेळ भरून काढते. पॅसेंजर एकदा रद्द झाली की तिच्यासाठी कुणी दुसरी गाडी सोडत नाही.”

“आणि तुम्ही? तुम्ही मिरज सोडणार?”

“बंगलोरला येतो मी.” एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं ते मला कळलं. टोपी उगाच सारखी केली. “ही फळी न्यायला येईल ना रे तिकडं? का नाही मावणार?”

जयू खाली बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रागाचं की कशाचं, मला सांगता येणार नाही. वाईट वाटलंच मला. एवढासा असताना कडेवर घेऊन प्लॅटफॉर्मभर फिरवलेला भाऊ माझा. तोंडातनं ‘राहू दे रे, जा तू’ बाहेर पडणार होतं, अगदी पडतच होतं.

“शैला,” आप्पा म्हणाले, “गाडी उभी आहे.”

मी कंट्रोलर फिरवला. काळं इंजिन हललं. मागं तीन डबे. रांगत रांगत मेलच्या शेजारनं निघालं, सांध्यावर आलं, आणि थांबलं. मी वीज वाढवली. ढिम्म. जयूनं महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं तिथंच, त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर अडकून बसलं.

मी कंट्रोलर खाली ठेवून फळीवरनं वाकले.

“तू नको,” आप्पा म्हणाले. “तू ड्रायव्हर आहेस, जागा सोडायची नाही. माझा हात तिथवर पोचत नाही. जयू.”

जयू तसाच बसून होता, लूपमधल्या मेलकडं बघत. मला वाटलं, आता उठेल आणि बॅग घेऊन निघून जाईल. गेला असता तरी मी त्याला काय बोलणार होते?

तो उठला. फळीला वळसा घालून सांध्यापाशी गेला, गुडघ्यावर बसला, आणि एका बोटानं इंजिनाला मागनं हलकं ढकललं. चाकांनी वीज पकडली. पॅसेंजर सांधा ओलांडून वळणाला लागली. आप्पा शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहिले, सवयीनं.

जयूच्या बोटाला इंजिनाचं कुंकू लागलं होतं. ते त्यानं पँटला पुसलं.

“आणि माझ्या गाडीला गोळा कधी, आप्पा?” त्यानं विचारलं.

“तिला पोचू दे की आधी,” आप्पा म्हणाले.

मी कंट्रोलरवरचा हात काढला नाही.